पऱ्हाटी, गंज आणि आमची भट्टी

भट्टी तापायला वेळ लागतो, पण थंड व्हायला त्याहून जास्त लागतो. मधेच दार उघडायचं नाही. उघडलं की आतल्या गरम कोळशाला हवा लागते, तो पेटतो आणि दिवसभराची मेहनत गेली वाऱ्यावर! त्यामुळं आमच्या लॅबमध्ये काम थोडं आणि वाट बघणं फार. रिकामी बसलेली माणसं काय गप्प राहतात? आमच्या लॅबमधून शोधनिबंध निघाले मोजकेच, किस्से मात्र पोत्यानं निघाले. परवा एका लग्नात सगळे भेटलो, तर पंगत उठली, वाढपी पत्रावळ्या गोळा करून गेले, तरी आम्ही तिथंच बसून हसतोय. शेवटी मांडववाल्यानं खुर्च्या मागितल्या, तेव्हा उठलो.

आधी ओळख करून देते. जालना जिल्ह्यातलं घनसावंगी, तिथलं तालुक्याच्या गावचं कॉलेज. केमिस्ट्रीच्या वर्गामागं एक लांबट खोली, वर पत्रे, कोपऱ्यात एक भट्टी. ही आमची लॅब. साळवे सर आमचे गाईड. पीएच.डी. करणारे आम्ही तिघं. मी वर्षा, वाटूरची. जुगल, जालन्याच्या लोखंडवाल्या मारवाडी घरातला. त्याचे पणजोबा राजस्थानातून आले, हा मात्र आमच्याहून मराठवाडी. आणि मनीषा, अंतरवाली सराटीच्या बाजूच्या एका लहान गावातल्या शेतकऱ्याची पोरगी. किस्से सगळ्यांचे आहेत, पण खरं सांगायचं तर ही सगळी मनीषाचीच गोष्ट आहे.

आमचं काम थोडक्यात सांगते, घाबरू नका. जालन्यात दोन गोष्टी मुबलक, लोखंड आणि कापूस. सरांचं म्हणणं, आपण दोन्हींचा कचरा घ्यायचा! सळईच्या कारखान्यात तापलेल्या लोखंडावरून काळे पापुद्रे गळून पडतात. ते धुऊन, ॲसिडात विरघळवून, त्यातून लोहाच्या ऑक्साईडची पिठाहून बारीक भुकटी काढायची. कापूस वेचून झाला की रानात वाळकी झाडं उरतात, ती पऱ्हाटी. ती झाकण लावून भट्टीत तापवायची आणि कोळसा करायचा. मग दोन्ही एकमेकांत असे बसवायचे की सुटता कामा नयेत. आणि वरचा पृष्ठभाग असा बदलायचा की पाण्यातली घाण त्याला चिकटलीच पाहिजे. याला म्हणतात नॅनोकॉम्पोझिट. परीक्षा सोपी. निळा रंग कालवलेल्या पाण्यात चिमूटभर टाकायचं आणि हलवायचं. पाणी नितळ झालं तर पास.

आता यात अडचण काय? अडचण अशी, की सरांनी विद्यापीठात खेटे घालघालून या खोलीला संशोधन केंद्राची मान्यता आणली होती. अट एकच. मुदतीत एक तरी पीएच.डी. इथून बाहेर पडली पाहिजे, नाहीतर केंद्र बंद! मग आम्ही तिघांनी दुसरं गाव आणि दुसरा गाईड शोधून पहिल्यापासून श्रीगणेशा करायचा. मनीषा सगळ्यांत पुढं होती. म्हणून सगळ्यांचा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर.

* * *

पहिला किस्सा सरांचा, कारण मान त्यांचा.

एकदा प्राचार्य पाहुण्यांना घेऊन लॅब दाखवायला आले. पाहुणे संस्थेचे कोणीतरी मोठे, पांढरेशुभ्र कपडे. खोलीत आले, टेबलावर हात टेकवला आणि पंजा काळा! रुमाल काढत म्हणाले, "राख फार दिसते तुमच्याकडं."

प्राचार्य कसंनुसं हसले. आम्ही खाली बघितलं. सरांनी मात्र चष्मा काढला. सरांनी चष्मा काढला की समजायचं, आता काही खरं नाही.

"साहेब, राख चुलीत असते. हे मटेरियल आहे!"

पाहुण्यांनी हाताकडं परत एकदा बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, रुमाल तसाच खिशात ठेवला. काळा पंजा घेऊनच पुढच्या खोलीत गेले.

त्या दिवसापासून कायदाच झाला. लॅबमध्ये राख, भुकटी, काजळी असे शब्द काढायचे नाहीत. "सर, राख चाळून ठेवली" असं कोणी चुकून म्हटलं, की सर ऐकूच आलं नाही असं दाखवत. जुगल तर इतका पक्का झाला, की घरी आईनं उदबत्तीची राख पुसायला सांगितली तेव्हा म्हणाला, "आई, मटेरियल म्हण."

* * *

जुगलचा निघालाच आहे विषय, तर तो दिवाळीचा डबा सांगायलाच हवा.

जुगलच्या मोठ्या काकांचा सळईचा कारखाना. जुगल पहिल्यांदा पापुद्रे मागायला गेला, तर काका त्याच्याकडं बघतच राहिले. "बेटा, लोक माझ्याकडं सळई मागायला येतात. तू गंज मागून राह्यला?"

"काका, त्यानं पाणी साफ होतं."

"गंजानं? बराबर हाय ना तुझी तब्येत?"

पण काका दिलदार माणूस. दिवाळीच्या आधी त्यांनी कामगारांकडून चांगले निवडलेले पापुद्रे काढून घेतले आणि ठेवायला दुसरं काही सापडेना म्हणून काजूकतलीच्या रिकाम्या डब्यात भरले. वर झाकण, त्यावर सोनेरी दोरी. त्याच वेळी घरोघरी वाटायचे खरे डबेही तिथंच रचलेले. पुढं काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच.

जुगलनं मोठ्या ऐटीत डबा लॅबमध्ये आणून सरांपुढं ठेवला. "सर, काकांनी स्वतः निवडून दिलंय." सरांनी हातमोजे घातले, वजनाच्या काट्यावर कागद ठेवला, डबा उघडला. आत चांदीचा वर्ख लावलेली काजूकतली!

सरांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. म्हणाले, "जुगल, एवढा शुद्ध नमुना आपल्या लॅबमध्ये आजवर आला नव्हता." आणि हातमोजे काढून तोंडात टाकला.

इकडं आम्ही नमुना संपवेपर्यंत तिकडं काकांचा फोन. त्यांच्या व्याह्यांकडं डबा गेला होता. व्याही बिचारे चांगले. त्यांनी विचारलं एवढंच, "ही नवीन मिठाई कशी खायची?"

* * *

भट्टीला वीज सलग लागते. आणि आमच्याकडं वीज म्हणजे रुसलेल्या जावयासारखी, कधी येईल आणि कधी निघून जाईल, सांगता येत नाही. मधे लाइट गेली की ताप उतरतो आणि सगळी बॅच वाया.

शेवटी सरांनी गावच्या वायरमनला गाठलं. म्हणाले, "दादा, उद्या दुपारी लाइट घालवू नका. अर्जंट आहे."

वायरमनला अशा विनंत्यांची सवय. "कुणाचं लगीन हाय सर?"

"लग्न नाही. भट्टीत मटेरियल आहे."

तो जरा गडबडला. पण सरांचा चेहरा बघून त्याला वाटलं, नाजूक काम दिसतंय. दुसऱ्या दिवशी पूर्ण दुपार लाइट हलली नाही. सगळ्या आळीत आश्चर्य! लोकांनी पिठाच्या गिरणीवर रांगा लावल्या. दुपार कलल्यावर वायरमन स्वतः लॅबच्या दारात हजर. आत यायला लाजला, दारातूनच म्हणाला, "सर, सुखरूप आलं का बाहेर?"

"आलं, आलं. उत्तम आलं."

"मंग पेढे?"

सरांनी पेढे मागवले. त्यानंतर वायरमन आमचाच झाला. रस्त्यात मनीषा दिसली की विचारायचा, "ताई, पुढची डिलिव्हरी कवा?"

* * *

आता वासाचा किस्सा. हा नीट ऐका.

मनीषा पऱ्हाटी घरून आणायची. तिचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, मोळी बांधून एसटीच्या टपावर टाकून द्यायचे. पहिल्या दोन बॅचा झाल्या. पाणी निळ्याचं फिकट निळं झालं, बस्स. म्हणजे काठावर पास.

तिसरी बॅच भट्टीत गेली आणि थोड्या वेळानं असा वास सुटला, असा वास सुटला! डोळ्यांत पाणी, नाकाला झिणझिण्या. शेजारी बी.एस्सी.चा वर्ग चालू होता. पोरं नाकाला रुमाल लावून बाहेर पडली. एक मॅडम चिडून आल्या. सर शांतपणे म्हणाले, "गॅसचं प्रॅक्टिकल आहे." आम्हाला नंतर हळूच विचारलं, "कशाचा वास आहे हा?" कोणाला माहिती! खिडक्या उघडल्या, पंखा लावला, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मनीषानं ते मटेरियल निळ्या पाण्यात टाकलं. हलवलं. आणि आमच्या डोळ्यांदेखत निळं पाणी असं नितळ झालं, की बाटलीमागचं माझं बोट दिसलं! जुगल म्हणाला, "रंग टाकायचा विसरली का तू?" तिनं परत रंग टाकला. परत नितळ. परत टाकला. परत नितळ!

सरांनी बाटली हातात घेतली, खिडकीत धरली. मग आम्हाला म्हणाले, "चला, चहा पाजतो." सर स्वतःहून चहा पाजतात म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. टपरीवर त्या दिवशी मनीषाला स्पेशल कप मिळाला आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मला तिचा अभिमान वाटला आणि थोडी जळलेही.

* * *

पण तसं मटेरियल परत काही झालं नाही.

चौथी बॅच, पाणी निळं. पाचवी, निळं. तीच पऱ्हाटी, तेच लोखंड, तीच भट्टी, तेवढाच ताप. पाणी निळंच! मनीषाची बोटंही निळी, तोंडही निळं पडलेलं. मुदत जवळ यायला लागली. जुगल म्हणाला, "सर, तिसऱ्या बॅचचे आकडे आहेत ना खरे? तेच लिहून प्रबंध देऊन टाकू. केंद्र तर वाचंल."

सरांनी चष्मा काढला.

"एकदा आलं ते नशिबाचं. परत आलं तर आपलं. नशिबावर मी सही करत नाही."

केंद्र बंद पडायची वेळ आली तरी हा माणूस सही करेना! तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज कोणी विचारलं तुमचे गाईड कोण, तर मी मान ताठ करून नाव सांगते, ते त्या एका वाक्यामुळं.

तिकडं गावात वेगळीच तऱ्हा. पारावर लोक आबांना विचारायचे, "काय आबा, पोरगी डॉक्टर होऊन राह्यली म्हणं?"

आबा टोपी काढून डोकं खाजवायचे. "कशाची डॉक्टर! पऱ्हाटी नेती अन् कोळसा करून राह्यली. कोळसा तर हिची माय बी रोज चुलीत करती."

लोक हसायचे, आबाही हसायचे. पण एकदा मी मनीषाकडं गेल्ते, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "वर्षा, खरं सांग पोरी. कोळशाची डिग्री भेटती का? का आमची पोरगी फसून राह्यली?"

मी म्हटलं, "भेटते आबा." माझा आवाज काही पक्का नव्हता आणि ते त्यांनी ओळखलं. मनीषा आत ऐकत होती.

* * *

शेवटी ठरलं, तिसऱ्या बॅचचं उरलेलं मटेरियल आणि चौथ्या-पाचव्याचं, दोन्ही पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत नेऊन बारकाईनं तपासायचं. तिथं असा सूक्ष्मदर्शक, की केसाच्या हजारव्या हिश्शाएवढी वस्तू दिसते. शिवाय कशात कोणतं मूलद्रव्य किती, तेही कळतं. आम्हा दोघींना पाठवलं. एवढ्याशा बाटल्या मनीषानं ओढणीत बांधून छातीशी धरलेल्या, जणू तान्हं लेकरू.

घनसावंगीहून जालन्याला जायला जीप. जीपमध्ये माणसं अशी कोंबलेली, की श्वासही पाळीपाळीनं घ्यायचा. शेजारी एक म्हातारी. तिची नजर बाटल्यांवर गेली. "काय गं हे, मिसरी का?" मिसरी म्हणजे आमच्याकडं दात घासायची भाजलेली तंबाखू.

"न्हाई आजी, मटेरियल हाय."

म्हातारीनं बोळकं उघडून उरलेला एक दात दाखवला. "मटेरियल तर मटेरियल. चिमूटभर दे, दात ठणकून राह्यला."

मनीषा म्हणाली, "आजी, हे पाणी साफ करायचं हाय."

"मंग दात काय मोठा हाय पाण्याहून?"

सगळी जीप म्हातारीच्या बाजूनं! ड्रायव्हरही मागं वळून म्हणाला, "द्या की ताई चिमूटभर, कामून जीव काढता म्हातारीचा?" कितीतरी महिन्यांची मेहनत त्या बाटल्यांत, आणि तपासणीला लागतंच मुळात चिमूटभर. जालना येईपर्यंत मनीषानं बाटल्यांवरचा हात काढला नाही. उतरताना मात्र तिनं आपल्या पर्समधली लवंग काढून म्हातारीच्या हातावर ठेवली. म्हातारीनं ती हुंगून पाहिली आणि म्हणाली, "हां, हे बराबर मटेरियल हाय!"

* * *

पुण्याच्या त्या संस्थेत यंत्र चालवणारे साहेब भारी माणूस. एसीची खोली, बाहेर चपला काढायच्या. आमचा कागद बघून म्हणाले, "जालना? तिथं नॅनोमटेरियल करतात?"

मनीषा म्हणाली, "करून राह्यलो सर."

त्यांनी ते बारीकसं मटेरियल यंत्रात ठेवलं. पडद्यावर करड्या रंगाचं धुकं. ते फिरवत गेले, फिरवत गेले आणि एकदम चित्र स्वच्छ झालं. कोळशाचा पातळ, खडबडीत पापुद्रा आणि त्याच्यावर सारख्या अंतरानं रुतून बसलेले लोखंडाचे बारीक बारीक दाणे. कुठं ढीग नाही, कुठं मोकळं नाही. आम्ही एवढे महिने जे करत होतो, ते आम्ही पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होतो!

मनीषा ओरडलीच, "अगं वर्षा, ही तर तीळ लावलेली बाजरीची भाकर!"

साहेबांनी वळून बघितलं. मग परत पडद्याकडं बघितलं. "डिस्ट्रिब्यूशन फारच छान आहे," म्हणाले. त्यांनीच मग बाकीच्यांना बोलावून दाखवलं, आणि आम्हाला वाटलं, जिंकलो!

पण दुसऱ्या तपासणीचा कागद हातात आला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. तिसऱ्या बॅचमध्ये नायट्रोजन निघाला होता. चांगला भरपूर. चौथ्या-पाचव्यात जवळपास नाहीच. आम्ही तर नायट्रोजनचं कुठलंही रसायन वापरलंच नव्हतं.

"घाण पडलीय काहीतरी," ते म्हणाले. "तुमच्याकडं हात धुऊन काम करतात ना?"

मी काहीतरी बोलणार होते, मनीषानं माझा हात दाबला. परतीच्या गाडीत तिनं तो कागद परत परत वाचला. जालना जवळ आलं तशी म्हणाली, "वर्षा, ही घाण असंल ना, तर लई कामाची घाण हाय. मी हुडकून काढीन."

* * *

आणि काढलीच हो तिनं!

ती गावी गेली, सोबत मी. चहा घेऊन आम्ही गोठ्याकडं गेलो. गोठ्याच्या भिंतीला लागून पऱ्हाटीचा एक ढीग होता, बाजूला त्यांची म्हैस बांधलेली. म्हशीनं शेपूट वर केली आणि जे करायचं ते धो-धो केलं. सगळी धार ढिगाच्या बुडाशी. मनीषा चहाचा कप घेऊन तशीच उभी. मग तिनं कप खाली ठेवला, ढिगात वाकली आणि चक्क एक काडी ओढून हुंगली!

"वर्षा, हुंग."

"वेडी झाली का तू?"

"हुंग म्हणते ना!"

हुंगली. आणि डोळ्यांत पाणी, नाकाला झिणझिण्या. तोच वास! बी.एस्सी.चा वर्ग पळवून लावणारा.

ती आबांकडं धावली. "आबा, ती तिसऱ्या वेळची मोळी कोणत्या ढिगातली?"

आबांनी आठवलं. "बांधावरची भिजली होती, तवा गोठ्याजवळची दिल्ती. कामून? खराब निघाली का?"

खराब! म्हशीच्या मुतात युरिया असतो, युरियात नायट्रोजन. महिनोन् महिने पऱ्हाटी त्यात मुरली, वाळली, परत मुरली. भट्टीत तापल्यावर तो नायट्रोजन कोळशाच्या अंगात बसला आणि क्षारांनी कोळशाला बारीक बारीक भोकं पाडली. ज्या पृष्ठभागासाठी आम्ही डोकं फोडत होतो, तो म्हशीनं आपसूक तयार करून ठेवला होता! आणि सर्वांत मोठी गंमत म्हणजे पुढच्या मोळ्या आबांनी मुद्दाम बांधावरच्या निवडक, स्वच्छ दिल्या होत्या. पोरीच्या कामाला चांगला माल जावा म्हणून!

मनीषानं गोठ्याजवळची पऱ्हाटी आणली. भट्टी लावली. शेजारचा वर्ग सरांनी आधीच ग्राउंडवर पाठवला. दुसऱ्या दिवशी पाणी नितळ. परत केली, नितळ. मग तिनं बांधावरची स्वच्छ पऱ्हाटी युरियाच्या पाण्यात भिजवून केली, म्हैस वगळून. तीही नितळ!

सरांनी सही केली. पेन खिशात ठेवून म्हणाले, "चला, चहा पाजतो."

* * *

आता शेवटचा. यानंतर मी काही बोलणार नाही.

मनीषाची तोंडी परीक्षा. ती सर्वांसमोर होते, कोणीही येऊन बसू शकतं. सहसा कोणी येत नाही. त्या दिवशी मनीषाच्या गावातून जीप भरून माणसं आली. वायरमन आला, जुगलचे काका आले, सोबत काजूकतली, यावेळी उघडून तपासलेली. आबा धुतलेली टोपी घालून सर्वांत मागच्या बाकावर.

बाहेरून आलेले परीक्षक कडक. तासभर त्यांनी मनीषाला पिळून काढलं. शेवटी म्हणाले, "पृष्ठभाग बदलायला तुम्ही युरिया वापरला हे ठीक. पण हे सुचलं कुठून? असा प्रयोग आधी कोणी केला होता का?"

खोटं बोलणं सोपं होतं. एखाद्या शोधनिबंधाचं नाव घेतलं असतं तर कोणी विचारलं नसतं. मनीषानं सरांकडं बघितलं, मग मागच्या बाकाकडं बघितलं आणि म्हणाली, "सर, जमलेली पहिली बॅच आमच्या म्हशीनं केली. नंतर आम्ही फक्त तिची नक्कल केली." आणि मग तिनं सगळं सांगितलं. ढीग, धार, वास, मोळी. काही लपवलं नाही.

आबांनी टोपी काढून हातात धरली.

परीक्षकांनी समोरचा प्रबंध मिटला. म्हणाले, "मला तो गोठा बघायचाय."

निकाल अजून सांगितलेला नाही! आम्ही सगळे तसेच गाड्यांमध्ये. पुढं परीक्षक आणि सर, मागं जुगलच्या काकांची गाडी, त्यामागं जीप. गावात शिरलो तर लोक दारांत उभे. गोठ्यापाशी परीक्षक उतरले, पँट वर धरून चिखल ओलांडला, ढिगापाशी वाकले, एक काडी काढली आणि हुंगली. नाकाला झिणझिण्या आल्या असणार, कारण डोळे पुसत म्हणाले, "डॉक्टर मनीषा, ही काडी मी घेऊन जाऊ का?"

डॉक्टर! मुदतीच्या आत पीएच.डी. झाली, केंद्र वाचलं! आम्ही टाळ्या वाजवल्या. जुगलनं काकांना मिठी मारली. सरांनी चष्मा काढला, पण या वेळी नुसता पुसला. मनीषाची आई पदर तोंडाला लावून रडत होती. आबांची टोपी हातातच.

एवढ्या गर्दीत शेजारी राहणारी आबांची म्हातारी चुलती कधी आली, आमचं लक्षच नव्हतं. तिला त्या सगळ्याशी काय देणंघेणं! पाहुण्यांना चहा करायचा म्हणून ती नेहमीसारखी ढिगातली पऱ्हाटी ओढायला लागली. कवेत मावेल तेवढा कवळा काढलाही.

आबांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट बसवली आणि दोन ढांगांत तिच्यापाशी पोचले.

"ठिवा, ठिवा ते खाली! बिलकुल हात लावायचा न्हाई!"

"अरे, चूल पेटवायला पाह्यजे ना. पऱ्हाटी तर हाय."

आबांनी परीक्षकांकडं बघितलं, सरांकडं बघितलं, मग पोरीकडं बघितलं आणि चुलतीच्या हातातला कवळा काढून घेत म्हणाले,

"पऱ्हाटी बांधावर हाय, तिकडली न्या. हे मटेरियल हाय!"